लष्करातील जुने घर दोन महिने बंद राहणार आहे : आधी दारे मजबूत करावीत की कॅमेरे बसवावेत?

लष्करवासी :
नमस्कार. ग्वाल्हेरात लष्कर भागात आमचे जुने दुमजली घर असून त्याची गच्ची दोन्ही बाजूंच्या घरांच्या गच्च्यांना लागून आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता मे आणि जून असे दोन महिने पुण्याला जाणार आहोत, आणि तेवढ्या काळात घरात कोणीही राहणार नाही. दर्शनी दार सागवानी आहे व त्याला बाहेरून कडी-कोयंड्यात मोठे कुलूप लावतो. मागे बोळाकडे एक दार आहे, जिन्याच्या माथ्यावर गच्चीचे पत्र्याचे दार आहे, आणि माजघराच्या खिडकीचे गज कापून तेथे कूलर बसवलेला आहे. जावयांचा आग्रह असा की चार कॅमेरे बसवावेत, म्हणजे पुण्यात बसून मोबाइलवर घर दिसत राहील. आमचा सुतार म्हणतो की तेच पैसे दारांवर घालावेत. दोन्ही गोष्टी एकदम करणे यंदा शक्य नाही. आईच्या वेळचे थोडे दागिनेही घरात आहेत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दौलतगंजकर :
काका, सुताराचे म्हणणे योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यात माणूस दिसला, तरी आपण पुण्याहून फोन करून कोणी घरापर्यंत पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो, आणि तेवढा वेळ चोराला बाहेर अडवून धरण्याचे काम दारालाच करावे लागते.

दर्शनी दारापासून सांगतो. बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याचे रस्त्यावरूनच कळवते. शिवाय अशा दारांवर पुष्कळदा कुलूप शाबूत राहते आणि कटावणीने कोयंडाच उपटला जातो, कारण तो आखूड स्क्रूंच्या आधारावर जुन्या, भुसभुशीत झालेल्या लाकडात बसवलेला असतो. त्या जागी फळीच्या आरपार जाणारे बोल्ट घालून आतल्या बाजूने लोखंडी पट्टी व नट लावावेत. त्याहून चांगले म्हणजे दाराच्या आत बसणारे, दोन-तीन खिट्ट्या चौकटीत शिरणारे इंटरलॉक बसवून घ्यावे. बाहेरून केवळ किल्लीचे छिद्र दिसते. नुसते स्प्रिंगचे लॅच असेल तर दार ओढून घेऊन निघू नये, किल्ली फिरवून ते पक्के बंद करावे, कारण स्प्रिंगवर टेकलेली जीभ फटीतून पातळ पट्टी सरकवून मागे ढकलता येते. चौकट भिंतीत हलत असेल, तर आधी तिचे होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, सिमेंटने पक्के करून घ्यावेत. त्याशिवाय भारी कुलपाचा उपयोग नाही.

मागच्या दाराला बाहेरून कुलूप मुळीच नको. आतून लोखंडी आडसर घाला आणि घराबाहेर पडण्याचा मार्ग एकच ठेवा.

आपल्या घराची खरी काळजी मला गच्चीची वाटते. लष्करातील कितीतरी घरांच्या गच्च्या एकमेकींना लागून असल्यामुळे, एका घराच्या जिन्याने वर चढलेला माणूस रस्त्यावर न उतरता पलीकडच्या घरांपर्यंत जाऊ शकतो, आणि वरच्या बाजूला रात्री कोणाचे लक्षही नसते. आपले दार पत्र्याचे आहे. ते बाहेर उघडत असेल तर त्याच्या बिजागऱ्याही बाहेर असतील, आणि त्यांच्या खिळ्या ठोकून काढल्या की कडी न तोडता दार निघते. खिळ्यांची टोके वेल्डिंग करून घ्यावीत आणि आत, जिन्याच्या तोंडाशी, भिंतीत पक्के रोवलेले जाळीचे दुसरे दार बसवावे. खर्च एकाच जागी करायचा असेल तर तो येथेच करा. एवढे मात्र पाहा, की घरात माणसे झोपत असताना त्या जाळीची किल्ली आतून हाताशी राहील. आग लागली तर तोच सुटकेचा मार्ग असतो.

कूलरची खिडकी ही आपल्याकडच्या उन्हाळ्याने करून ठेवलेली मोठी वाट आहे. कूलर पुढे ढकलला की माणूस सहज आत येतो. मे महिन्यात आपण येथे नसणारच, तेव्हा कूलर उतरवून आत घ्यावा व त्या जागी बोल्टने बसणारी ग्रिल आतून लावावी. परत आल्यावर ती काढता येईल. न्हाणीघराच्या झरोक्यातील काचेच्या पट्ट्याही नुसत्या सरकवून निघतात, तेथे दोन गज पुरेत.

कम्पूवाले :
दारांविषयी वरील मताशी मी सहमत आहे. जावयांचे समाधान व्हावे म्हणून एकच कॅमेरा घ्यायचा झाला, तर तो जिन्यात, गच्चीच्या दाराकडे तोंड करून लावावा. ज्यात चित्रण साठते तो रेकॉर्डर दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवल्यास चोर तोच उचलून नेतात, म्हणून तो बंद कपाटात किंवा माळ्यावर असावा. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि मोबाइलवर काहीच दिसत नाही, तेव्हा राउटर व कॅमेरा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. मात्र दोन महिने कोणी नसताना बॅटरीतील पाणी पाहणारे कोणीतरी हवे. कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. बाहेरचा दिवा अखंड पेटता ठेवू नका, कारण भर दुपारी जळणारा दिवा पाहूनही घर रिकामे असल्याचे कळते. अंधार पडल्यावर आपोआप लागणारा दिवा स्वस्तात मिळतो.

जिवाजीगंज :
दागिन्यांबद्दल लिहिते. काका, ते घरात ठेवून जाऊ नयेत, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत. तेथेही मर्यादा आहे : रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्यांची अफरातफर अशा प्रसंगी बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. म्हणजे भाडे 3,000 रुपये असेल तर 3 लाख रुपये.

जुन्या पाटल्या आणि तोडे यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबत प्रत्येक दागिन्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक, नसणारच, कारण ती पद्धत 2021 मध्ये सुरू झाली. म्हणून प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि सराफाकडून वजनाची चिठ्ठी घेऊन ठेवावी. चोरीचा माल सापडला तरी तो आपलाच आहे हे पटवताना हाच पुरावा कामी येतो.

विम्याची पॉलिसी असेल तर ती कृपया वाचून पाहा. 1 एप्रिल 2021 पासूनची ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी मुख्यतः आग, भूकंप, पूर अशा आपत्तींसाठी आहे. त्यात चोरी धरली जाते ती अशी आपत्ती घडल्यानंतर, तिच्यामुळे, सात दिवसांच्या आत झालेली. साध्या घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि घर सलग ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बंद राहिल्यास ते थांबेल अशी अटही अनेक पॉलिसींत असते. आपला मुक्काम दोन महिन्यांचा असल्यामुळे निघण्यापूर्वी कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.

लष्करवासी :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जिन्यातील जाळी आणि मागचा आडसर यांचे काम या आठवड्यात सुरू करतो. दागिन्यांचे फोटो काढायला सौ. आजच बसली आहे. एक शंका राहिली. दुर्दैवाने काही घडलेच आणि शेजाऱ्यांच्या लक्षात आले, तर त्यांनी नेमके काय करावे?

जिवाजीगंज :
त्यांनी आत जाऊ नये आणि कशालाही हात लावू नये, कारण बोटांचे ठसे पुसले जातात. चोर अजून आत असण्याचीही शक्यता असते, तेव्हा बाहेर थांबूनच 112 क्रमांकावर फोन करावा. तक्रार आपण ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने पुण्याहूनही पाठवू शकता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे अशा तक्रारीवर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते आणि एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. विम्याच्या दाव्यासाठी ती प्रत लागेल. ज्या शेजाऱ्यांकडे किल्ली देणार आहात, त्यांचा नंबर जावयांकडेही देऊन ठेवा, आणि वर्तमानपत्र व दूध बंद करायला विसरू नका.