शब्दचर्चा: ‘इनहेरिट’ला दर वेळी वारसाच म्हणायचं का?

प्रश्न: आमच्या टीमसाठी अपाची अँटची (प्रोजेक्ट बिल्ड करायचं साधन) मराठी टिपणं लिहितो आहे. एका प्रोजेक्टमधून दुसऱ्याला बोलावलं की प्रॉपर्टी तिकडे जातात, तिथे ‘प्रॉपर्टींचा वारसा’ असं लिहिलं. वाचणारीने विचारलं, हे सातबाऱ्याबद्दल आहे का? दुसरा शब्द सुचवा.

उत्तर: ‘प्रॉपर्टी’ तशीच ठेवा. ‘गुणधर्म’ म्हटलं की मिठाचा विरघळण्याचा गुण आठवतो, इथे तर नुसतं नावाला मूल्य जोडलेलं असतं. माझा आक्षेप ‘वारसा’ला आहे. वारशाने मिळालेल्याचं काय करायचं हे वारस ठरवतो. मेव्हन या दुसऱ्या बिल्ड साधनात हे चपखल बसतं: पालक पॉममधली (पॉम म्हणजे प्रोजेक्टची मांडणी सांगणारी फाइल) प्रॉपर्टी मुलाला मिळते आणि मुलाने त्याच नावाची आपली लिहिली की मुलाचीच चालते.

अँटमध्ये उलट आहे. तिथे प्रॉपर्टीला एकदा मूल्य मिळालं की ते बदलत नाही. समजा मुख्य फाइलीत ‘आउटपुट’चं, म्हणजे फाइली पडायच्या फोल्डरचं, मूल्य ‘तयार’ आहे आणि आतल्या फाइलीत ‘चाचणी’. ‘अँट’ टास्कने (दुसरी बिल्ड फाइल चालवणारी आज्ञा) आतली फाइल चालवली की सगळं ‘तयार’मध्ये जाऊन पडतं. एरर येत नाही, ‘व्हर्बोज’ (सविस्तर संदेश दाखवायचा पर्याय) लावलं तरच दुर्लक्ष केल्याची ओळ दिसते. मी यात अख्खी दुपार घालवली आहे, म्हणून शब्दाबद्दल इतका आग्रह. वारसा वाचणाऱ्याला वाटणार, आपण बदलू शकतो.

मी ‘शिदोरी’ म्हणेन. निघताना बांधून दिलेली, देणारा घरीच, आणि वाटेत काय झालं ते मागे कळत नाही. आतल्या प्रोजेक्टने नवी प्रॉपर्टी केली तरी ती बाहेरच्याला दिसत नाही.

प्रश्नकर्ता: मग टास्कच्या ‘इनहेरिटऑल’ला (सगळ्या प्रॉपर्टी पुढे द्यायच्या का, हे सांगणारा पर्याय) ‘फॉल्स’ दिलं तर?

उत्तर: तर फक्त कमांडलाइनवर दिलेल्या आणि तुम्ही टास्कच्या आत मुद्दाम लिहिलेल्या प्रॉपर्टी जातात. ‘अँट’ टास्कमध्ये मुळात ‘ट्रू’ असतं, ‘सबअँट’मध्ये (अनेक बिल्ड फाइली चालवणारा टास्क) ‘फॉल्स’. हा फरक टिपणात ठळक लिहाच.

आणखी एक: शिदोरी अँटपुरती चांगली. मेव्हनच्या टिपणात मात्र कोर्टकचेरीतली जोडी आयती आहे, वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित. सातबाऱ्याची आठवण तिथे उपयोगीच पडेल.

प्रश्नकर्ता: वाक्य बदललं: ‘बोलावलेल्या प्रोजेक्टला बोलावणाऱ्याच्या प्रॉपर्टींची शिदोरी मिळते, त्याच नावाची स्वतःची प्रॉपर्टी लिहिली तरी शिदोरीतलीच चालते.’