प्रश्न विचारला की सगळा वर्ग वहीत डोकं घालतो. काय करावं?

खडूवाला:
२२ वर्षं फिजिक्स शिकवतोय, पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स माझ्याकडे असतं. डेरिव्हेशन करताना एखादं उणे चिन्ह मुद्दाम चुकवायची माझी जुनी खोड आहे. पूर्वी दोन ओळी पुढे जायच्या आत कुणीतरी ओरडायचं, "सर, मायनस!" यंदा चुकवलं, तर निम्म्यांनी मुकाट उतरवून घेतलं आणि उरलेल्यांनी शेवटी फळ्याचा फोटो काढला. माझी चूक आता ६१ जणांकडे सुखाने नांदतेय.

फोन जमा करून पाहिले. मग पोरं खिडकीबाहेर बघतात. पीपीटी झाल्या, व्हिडिओ झाले. क्विझचं ॲप आणलं, दोन आठवडे दंगा झाला आणि नंतर बटण आधी कोण दाबतो एवढाच खेळ उरला.

गंमत म्हणजे तास संपल्यावर हीच मुलं एकेकटी येऊन नेमका प्रश्न विचारतात. मग वर्गात का गप्प बसतात? "ही पिढीच तशी" हे उत्तर कृपया नको, ते स्टाफरूममध्ये रोज मिळतं.

निवृत्त_पण_सवय_जाईना:
सर, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता, ते एकदा मोजा. मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७०च्या दशकात शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांबायची आणि एरवी न बोलणारीही बोलायची. मला वाटायचं, मी तर भरपूर थांबतो. एकदा स्वतःचाच तास रेकॉर्ड करून ऐकला. "कुणालाच येत नाही? बरं," असं म्हणून मीच उत्तर देऊन मोकळा! लाज वाटली. तेव्हापासून प्रश्न टाकला की डस्टर घेऊन फळ्याचा कोपरा पुसत बसायचो. कोपरा स्वच्छ असला तरी.

मागचा_बाक:
मी अजून विद्यार्थीच आहे, तिसऱ्या वर्षाला. सर, खरं सांगू? बऱ्याचदा उत्तर येत असतं. पण ६० जणांसमोर चुकलं तर तास संपायच्या आत ग्रुपवर स्टिकर आलेला असतो. आमच्या एक मॅडम बिननावाच्या चिठ्ठ्यांवर उत्तर लिहायला लावायच्या आणि फक्त आकडे सांगायच्या. "१४ जणांनी हे लिहिलंय" असं ऐकलं की कळायचं, मूर्ख मी एकटा नाही. मग तोंड उघडायचं.

आणि राग मानू नका, पण डेरिव्हेशन यूट्यूबवर दुप्पट वेगाने बघता येतं.

अर्धा_तास_अजून:
वरच्या चिठ्ठ्यांना जोडून. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणारे एरिक माझुर १९९१ पासून अशीच एक पद्धत वापरत आलेत. प्रश्न टाका, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा मत. हात वर करायला सांगू नका, हुशार मुलाचा हात बघून बाकीचे वर जातात.

तुमच्याच पेपरातला प्रश्न घ्या. चेंडू सरळ वर फेकला, अगदी वरच्या टोकाला त्याचं त्वरण किती? हा डेरिव्हेशनच्या *आधी* विचारा. जवळजवळ सगळे बरोबर किंवा सगळेच चूक निघाले तर चर्चा रंगत नाही, प्रश्न बदला.

एक इशारा. पहिल्या सत्राच्या फीडबॅकमध्ये मला लिहून आलं होतं, "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात." फार लागलं होतं. नंतर हार्वर्डच्याच फिजिक्सच्या वर्गांवरचा २०१९चा एक अभ्यास वाचला. अशा तासांत मुलं जास्त शिकली होती, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. डोकं चालवावं लागलं की "समजलं नाही" असंच वाटतं. तेव्हा पहिल्याच तासाला हे त्यांना सांगून टाका. पोर्शन मागे पडतो, तेही खरं. मी थोडा भाग घरी वाचायला देते. बरीच मुलं वाचत नाहीत, अजून उपाय सापडलेला नाही.

साधा_परीक्षक:
सगळं छान आहे. पण पेपरात "डेरिव्हेशन लिहा, ७ गुण" असंच येतं. तो बदलेपर्यंत ही हौसच.

खडूवाला:
आज चेंडू फेकला. ५२ हजर. चिठ्ठ्या मोजल्या, तर ३४ जणांचं त्वरण शून्य! माझ्याकडे शिकलेल्या मागच्या २१ बॅचेसचं काय झालं असेल, देव जाणे.

"शेजाऱ्याशी बोला" म्हटलं तर आधी चिडीचूप. डस्टर हातात घेतला (आभार, निवृत्त सर), कोपरा पुसला. मग कुजबुज, मग चक्क गोंगाट. एक मुलगी शेजारणीला म्हणत होती, "अगं, वेग शून्य आणि त्वरणही शून्य, तर तो तिथेच लटकून राहील ना!" इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत ३४चे ११ झाले. त्या ११ जणांना काय अडतंय ते अजून कळलेलं नाही, शुक्रवारी विचारतो.

साधा_परीक्षक, तुमचं म्हणणं मान्य. डेरिव्हेशन आज अर्धंच झालं. उरलेलं उद्या, आणि उणे चिन्ह पुन्हा चुकवणार आहे.