भक्षक जीवाणूंनी जखमेतला चिवट संसर्ग आटोक्यात येऊ शकेल काय?

जिज्ञासू :
मधुमेहामुळे माझ्या सासऱ्यांच्या पायाला झालेली जखम बरेच दिवस भरत नाही. पुवाच्या कल्चर अहवालात क्लेबसिएला आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस असे दोन जंतू आले असून, पहिल्याच्या रकान्यात जवळपास प्रत्येक औषधापुढे ‘रेझिस्टंट’ (औषधाला दाद न देणारा) असेच लिहिले आहे. इतर जीवाणूंना खाऊन जगणारे जीवाणू अशा संसर्गावर वापरण्याचे संशोधन चालू असल्याचे वाचनात आले. ते नेमके काय करतात आणि अशा जखमेत त्यांचा उपयोग होईल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पेट्रीडिश :
आपण वाचले ते बहुधा डेलोव्हिब्रिओ बॅक्टेरिओव्होरस या जीवाणूविषयी असावे. हाइन्झ स्टोल्प हे जर्मन शास्त्रज्ञ मातीच्या नमुन्यांत जीवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फाज, शोधत असताना तो योगायोगाने सापडला आणि १९६२ साली त्याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. जीवाणू वाढवलेल्या प्लेटवर फाजने ते मारलेल्या जागी पारदर्शक ठिपके साधारण एका दिवसात दिसतात. हे ठिपके मात्र दोन-तीन दिवसांनी उमटले आणि पुढेही वाढत राहिले.

हा वेगाने पोहणारा चिमुकला जीवाणू सावजाला चिकटतो, त्याच्या बाह्य आवरणाला भोक पाडून आत शिरतो आणि बाहेरच्या व आतल्या आवरणांमधल्या जागेत ठाण मांडतो. सावज गोल होते, त्याचा ऐवज पचवून भक्षक दोऱ्यासारखा लांबत जातो आणि तीन-चार तासांत त्याचे तुकडे होऊन नवी पिल्ले सावज फोडून बाहेर पडतात; ई. कोलायसारख्या सावजातून ती साधारण तीन ते सहा निघतात. प्रतिजैविक निष्प्रभ करणारे एन्झाइम सावजाकडे असले तरी त्याने या हल्ल्यात काहीच फरक पडत नाही, आणि मला तरी हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. प्रयोगशाळेत तो बायोफिल्ममध्ये, म्हणजे जंतूंनी स्वतःभोवती तयार केलेल्या चिकट थरात, दडलेल्या जंतूंनाही खातो.

मात्र त्याची शिकार ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे आतले आणि बाहेरचे अशी दोन आवरणे असलेल्या, जीवाणूंपुरतीच असते. क्लेबसिएला त्याच्या टप्प्यात येतो. स्टॅफिलोकॉकस त्या गटातला नाही, त्यामुळे त्याच्या पेशीत तो शिरत नाही. त्याने सोडलेल्या एन्झाइमांमुळे स्टॅफिलोकॉकसचे बायोफिल्म सुटते, असे प्रयोगांत दिसले आहे, पण बायोफिल्म सुटणे म्हणजे जंतू मरणे नव्हे.

जखमतज्ज्ञ :
वरील माहितीत जखमेच्या बाजूने थोडी भर घालतो. या जीवाणूला ऑक्सिजन लागतो आणि मधुमेही पायाच्या खोल, रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमेत नेमका त्याचाच तुटवडा असतो. शिवाय रक्तद्रवात त्याची शिकार मंदावते. उंदरांच्या फुप्फुसांतील क्लेबसिएलाची संख्या त्याने कमी केली, पण जंतू रक्तात असताना तसा परिणाम दिसला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शिगेला या आमांश घडवणाऱ्या जीवाणूचा संसर्ग झालेल्या, झेब्राफिश या छोट्या माशाच्या अळ्या या जीवाणूच्या इंजेक्शनाने अधिक प्रमाणात वाचल्या; तिथेही भक्षकाने शत्रूची संख्या घटवली आणि उरलेले काम अळ्यांच्या रोगप्रतिकारशक्तीने केले. मधुमेहात ही शक्तीच मंदावलेली असते, हे विसरता येणार नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत प्राण्यांवरील प्रयोग दिलासा देणारे आहेत. तो आपल्या पेशींची शिकार करत नाही आणि त्याच्या आवरणातील लिपिड-ए हा दाह निर्माण करणारा घटक इतर ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या तुलनेत कमी दाहकारक आहे. तरीही माणसांसाठी मंजूर झालेला असा उपचार आज उपलब्ध नाही. आपल्या रुग्णासाठी मृत ऊती काढणे, पायाचा रक्तप्रवाह तपासणे, जखमेवरचा भार कमी करणे आणि साखर आटोक्यात ठेवणे या गोष्टी अधिक तातडीच्या आहेत.

जिज्ञासू :
दोघांचेही आभार. औषधांप्रमाणे काही दिवसांनी जंतू या भक्षकालाही दाद देईनासे होतील काय?

पेट्रीडिश :
काही सावजे प्रत्येक वेळी शिल्लक राहतात. पण २००४ सालच्या एका अभ्यासात दिसले की हा प्रतिकार तात्पुरता असतो; वाचलेल्यांना भक्षकाविना पुन्हा वाढवले की त्यांची संतती पूर्वीसारखीच बळी पडते. खरी अडचण मला औषध तयार करताना दिसते. हा जीवाणू सावजावरच वाढवावा लागतो, त्यामुळे जखमेवर लावण्याआधी सावजाचे उरलेसुरले अवशेष आणि त्यांतले एन्डोटॉक्सिन (आवरणातले दाह निर्माण करणारे विष) काढून टाकावे लागते, आणि तेही भक्षक जिवंत ठेवून.