मदत हवी आहे: जुन्या पिकअपच्या केबिनमध्ये पाणी येतंय, कुठून ते सापडत नाहीये

नमस्कार मंडळी. बाबांची जुनी पिकअप आहे, रोज पहाटे वाशीच्या एपीएमसीतून भाजी भरून ठाण्याला आणतात. जून लागल्यापासून क्लीनर साइडला पायाखाली पाणी साठतंय, चांगलं पेलाभर निघतं, नमदा काढून गच्चीवर टाकला तर दोन दिवस वाळतच नाही आणि केबिनमध्ये कुबट वास बसलाय. एसी नाहीये त्यामुळे एसीचं पाणी नक्कीच नाही, रेडिएटरची लेव्हलही जागेवर आहे. गॅरेजवाल्याने समोरच्या काचेच्या रबराला दोनदा सिलिकॉन मारलं, आठवडाभर बरं वाटलं आणि परत तेच. गंमत म्हणजे चालत्या गाडीत भर पावसातही थेंब नाही, रात्री घणसोलीत रस्त्याच्या कडेला गुलमोहराखाली उभी असते तेव्हाच भरतं. मला खरी भीती फ्यूज बॉक्सची आहे, तो त्याच बाजूला डॅशबोर्डखाली आहे आणि पहाटे तीनला ठाणे-बेलापूर रोडवर हेडलाइट गेले तर बाबा काय करणार. कुठून शोधायला सुरुवात करू?

प्रतिसाद

दादा, आधी एक लक्षात घ्या, रस्ता गटाराकडे उतरता असतो, गाडी डावीकडे कलते, म्हणून पाणी क्लीनर साइडला साठतं. शिरतं तिथूनच असं नाही. नमदा पूर्ण काढा, पत्र्यावर वर्तमानपत्र पसरा, एकाला आत टॉर्च देऊन बसवा आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा, पण खालून वर, आधी दरवाजा, मग वायपरखालची जाळी, मग काच आणि टप शेवटी. टपापासून सुरू केलंत तर सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं थांबा, घाई नको. गुलमोहराची पानं बारीक असतात, जाळीतून आत जाऊन निचऱ्याची भोकं बुजवतात आणि मग तुंबलेलं पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरतं, माझा पहिला संशय तिथेच. दरवाजाच्या खालची भोकं तारेने मोकळी करा, आतल्या पॅनलमागचा प्लास्टिक कागद फाटलाय का बघा, बोनेटमधून वायरिंग आत येतं तिथलं ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेली रबरी कडी, तीही चेपून बघा. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला लावू नका, त्यातल्या आम्लाने गंज वाढतो.

धागाकर्ता

भाऊ, मनापासून आभार! रविवारी जाळी काढली, आत मूठभर काळा चिखल, सगळा गुलमोहर. तो काढल्यावर बादलीभर पाणी ओतलं तर भडाभड चाकामागून खाली गेलं, आत थेंब नाही. बाबा नुसते बघत राहिले. पण काचेवर पाइप धरल्यावर डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक धार आली, रबर जरा उचललं तर खाली फ्रेमला गंजून टाचणीएवढी दोन भोकं. म्हणजे सिलिकॉन वरवरच बसत होतं. आता डेंटर म्हणतोय काच उतरवून गंजलेला पत्रा कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, प्रायमर मारायचा आणि नवीन रबर घालायचं, गाडी तीन दिवस उभी राहील. भर पावसात हे काम करून घ्यावं की गणपतीपर्यंत रात्री ताडपत्री टाकून ढकलावं? आणि तुर्भे किंवा महापेकडे जुनी रबरवाली काच न फोडता उतरवणारा कोणी हातखंडा कारागीर माहीत असेल तर नक्की सांगा.