बंद प्लेटिंग कारखान्याची जागा महापालिकेने साफ करून द्यावी का? हिशोबात मदत हवी (नाशिक)

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीला लागून, पण हद्दीबाहेर, आमच्याकडे एक प्लेटिंगचा (धातूवर क्रोमचा मुलामा देण्याचा) कारखाना बरीच वर्षं बंद आहे. आता एक बिल्डर तिथे फ्लॅट आणि खाली दुकानं काढायचं म्हणतोय. त्याचं म्हणणं, रस्ता, पावसाळी गटार आणि जमिनीची सफाई महापालिकेने करावी, घरपट्टीतून सगळं वसूल होईल. पुढच्या आठवड्यात रहिवाशांची बैठक आहे. मी बँकेतून रिटायर झालेला, म्हणून आकडेमोड माझ्या गळ्यात.

जागा कशी आहे ते सांगतो. पावसाळ्यात कंपाउंडमध्ये साचलेलं पाणी हळद कालवल्यासारखं दिसतं. भिंतीच्या खालच्या विटांवर पिवळट पापडी धरते, खरवडली तरी पुन्हा येते. तिथे क्रोमच्या टाकीवर काम केलेले एक काका आमच्याच गल्लीत राहतात. त्यांच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक आहे. "क्रोमवाल्यांना होतंच ते," म्हणतात आणि चहा पितात. शेजारच्या सोसायटीने बोअरचं पाणी तपासून घेतलं. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. रिपोर्ट त्याच्या वर. तेव्हापासून बोअर बंद, टँकर सुरू.

आता हिशोब. बिल्डरच्या कागदावर "शासनास मिळणारा महसूल" अशी एकच ओळ आहे आणि जीएसटी, मुद्रांक, घरपट्टी सगळं त्यात कोंबलंय. पण दुकानांचा जीएसटी पालिकेच्या तिजोरीत येत नाही. 2017 मध्ये एलबीटी (पालिकेचा स्थानिक संस्था कर) गेला, तेव्हापासून राज्य सरकार 2016-17 चं उत्पन्न पाया धरून वर्षाला 8 टक्के वाढीने भरपाई देतं. इथे वीस दुकानं निघाली काय नि न निघाली काय, तो आकडा तोच. मुद्रांकातला 1 टक्का अधिभार पालिकेला मिळतो, पण खरेदी झाली तरच. विकास शुल्कही एकदाच. दरवर्षी हमखास येणार ती घरपट्टी. तिच्यातूनही घंटागाडी, दिवाबत्ती, ड्रेनेज वजा करायला हवं ना?

दुसरं, हे फ्लॅट इथे झाले नाहीत तर तीच माणसं पाथर्डी फाट्याला किंवा इंदिरानगरला घर घेतील आणि घरपट्टी तिथे भरतील. मग यातली "नवी" किती धरायची? मी अंदाजाने निम्मी धरली, पण निम्मीच का, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही.

सगळ्यात अडलोय ते सफाईच्या खर्चापाशी. माती उकरून पुणे जिल्ह्यात रांजणगावला घातक कचऱ्याच्या जागी न्यायची, की फेरस सल्फेट मिसळून विषारी क्रोमियम जागच्या जागी निरुपद्रवी करायचं, यावर आकडा प्रचंड बदलतो. आणि तो लिहायचा कुणाच्या नावावर? पालिकेने सफाई केली तर मालक तीच जमीन स्वच्छ जमिनीच्या भावाने विकणार. मला तर ही सरळ त्याला दिलेली भेट वाटते.

"मग काही करूच नका" हेही पटत नाही. टँकरचा खर्च आणि दर पावसाळ्यात नंदिनी नदीत वाहून जाणारा गाळ कुठल्याच वहीत नाही. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमियमची रसायनं बनवणारा कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला, क्रोमियमचा ढीग पुढे कित्येक वर्षं तिथेच.

कुणी असा ताळेबंद मांडलाय का?

प्रतिसाद 1
काका, दोन रकाने करा: प्रकल्प झाला तर आणि नाही झाला तर. फरक तेवढाच खरा. टँकर दुसऱ्या रकान्यात आपोआप येईल. "निम्मी" एकच धरू नका, पाव, निम्मी आणि पूर्ण अशा तिन्ही मांडा. पूर्ण धरूनही खर्च निघत नसेल तर वाद तिथेच मिटला.

सफाईचं म्हणाल तर प्रदूषण करणाऱ्याने भरावं हे सुप्रीम कोर्टाने 1996 मध्येच राजस्थानातल्या बिछरी गावच्या प्रदूषणाच्या प्रकरणात सांगितलंय. जुलै 2025 मध्ये केंद्राने दूषित जागांसाठी वेगळे नियमही आणले. जबाबदार माणूस सापडला तर खर्च त्याचा, नाहीच सापडला तर केंद्र आणि राज्य. आधी प्रदूषण मंडळाकडे लेखी अर्ज द्या. घरपट्टी नंतर.

प्रतिसाद 2
कॅलिफोर्नियात 1952 पासून पुनर्विकास एजन्सी हेच करायच्या. जागेचा आजचा कर गोठवायचा आणि पुढे वाढेल त्यातून कर्ज फेडायचं. पण वाढीव कर एजन्सीकडे गेला की शाळांचा वाटा राज्याला भरून द्यावा लागे. 2012 मध्ये त्यांनी त्या एजन्सीच बंद केल्या. मालकाशी बोलण्याआधी सातबारा बघा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. तीन रकमा मांडल्या. पाव आणि निम्मी धरली तर नुसता रस्ता आणि गटारही निघत नाही, सफाई तर धरलीच नाहीये. पूर्ण धरली तरच कसंबसं.

सातबारा आज काढला. इतर हक्कात बँकेच्या कर्जाचा बोजा आहे, अजून कमी झालेला नाही. म्हणजे जागा विकतोय तो मालक की बँक? बँकेने लिलावात विकली तर सफाईचं बिल कुणाच्या दारात जाणार? वकील कोणी असाल तर सांगा.