चावीचा कंटाळा आला म्हणून?

भावा, ओमेगाचं चावीचं घड्याळ, स्पीडमास्टर, देऊन, वर पैसे घालून रोलेक्सची आपोआप चावी भरणारी सबमरिनर घ्यायची म्हणतोस, का तर रोज चावी द्यायचा कंटाळा! एवढंच कारण असेल तर थांब. माझीही चावीचीच आहे. सकाळी चहा उकळेपर्यंत चाळीसेक वेळा फिरवतो, बोटाला घट्ट लागली की सोडतो. हेसालाइट, म्हणजे प्लास्टिकच्या काचेवर ओरखडे पडतात खरे, पण पॉलिशची पेस्ट लावून फडक्यानं घासलं की जातात. हां, पंचगंगेत रोज उड्या मारत असशील तर गोष्ट वेगळी. स्पीडमास्टरची पाण्यातली मर्यादा ५० मीटर, सबमरिनरची ३००. आणि हे काय गुजरीत दागिना मोडणं नव्हे, वजनावर भाव मिळायला. अदलाबदलीत डीलर आपलं काढून घेतोच. पेटी, वॉरंटी कार्ड जपलंयस का, ते आधी सांग.