अनुभव धागा: गळ्यातलं ओळखपत्र, शाळेचा ग्रुप आणि आपली पोरं

निशिगंधा

१६ जूनला शाळा उघडली. लेक यंदा पहिलीत. गेटला केळीचे खांब, फुग्यांची कमान, सेल्फी पॉइंट, बाईंनी हातात दिलेलं गुलाबाचं फूल. नवऱ्याने फोटो काढला आणि रिक्षात बसेपर्यंत फेसबुकवर टाकलासुद्धा.

आठवड्याने भरदुपारी फोन आला. "मॅडम, शाळेतून बोलतोय," म्हणून लेकीचं नाव घेतलं. "पहिली ब ना? शिष्यवृत्ती मंजूर झालीये. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे खात्यात जमा होतील." पहिलीत कुठली आलीये शिष्यवृत्ती! पण माणूस नाव, इयत्ता, तुकडी, अगदी व्हॅनचा नंबरही बिनचूक सांगत होता, त्यामुळे मी स्कॅन केलंच. पिन टाकायची वेळ आली तेव्हा भानावर आले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, ही एक गोष्ट तेवढी डोक्यात पक्की होती. फोन ठेवून दिला.

रात्री तो फोटो उघडून दोन बोटांनी मोठा केला. गळ्यात ओळखपत्र. नाव, इयत्ता, तुकडी, रक्तगट आणि खाली माझा मोबाइल नंबर, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. मागे व्हॅन, नंबरप्लेटसकट. कोणी काही चोरलं नव्हतं. आम्हीच वाटलं होतं.

बालवाडी ते चौथी-पाचवीच्या पोरांबाबत तुमचं काय काय झालंय ते लिहा. शाळेचे फोटो, ग्रुप, गेम, व्हिडिओ, काहीही. उपदेश नको, घडलेलं लिहा. आणि शाळांची नावं टाळा.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. मराठवाडा, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. आमची बाजूही ऐकून घ्या.

फोटो टाकला नाही तर उपक्रम झालाच नाही, असा आमच्याकडचा हिशोब. परसबागेचा फोटो, खिचडीचा फोटो, प्रवेशोत्सवाचा फोटो. 'एक पेड माँ के नाम'ला तर पोरगं, त्याची आई आणि रोप असा फोटो काढून लिंकवर चढवायचा. केंद्राचा, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचा ग्रुप वेगळा, तालुक्याचा वेगळा. कोणत्या पोराचा चेहरा कुठवर गेला, मलाच सांगता यायचं नाही.

पण खरी चूक माझी झाली ती अपार आयडीच्या, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाच्या वेळी. २०२४ ची गोष्ट. वरून रोज आकडा मागत होते. मी पालकांच्या ग्रुपवर टाकलं, "आजच्या आज आधार पाठवा." संध्याकाळपर्यंत ३१ पोरांची आधार कार्डं उघड्यावर. एकाने तर रेशनकार्डही जोडलं. आमचे निम्मे पालक तेव्हा ऊसतोडीला गेलेले. ग्रुपमधले चार नंबर त्यांचे नाहीतच, मुकादमाचे आहेत, हे मला माहीत होतं. तरी डोक्यात आलं नाही. पोरीच्या आधारचा फोटो मुकादमाच्या फोनमध्ये जाऊन बसला.

रात्री बसून ॲडमिन म्हणून एकेक मेसेज पुसला. ज्यांच्या गॅलरीत उतरला असेल, तिथून कसा पुसणार? आता कागद हातात घेतो. गावाबाहेर असलेल्या पालकाला, पहिले आठ अंक झाकलेलं आधार मलाच एकट्याला पाठवा, म्हणून सांगतो. आणि चालेल तिथे फोटो पाठमोरे काढतो. परवा केंद्रप्रमुखांनी विचारलं, "गुरुजी, पोरं रुसली का तुमच्यावर?"

उंबरठा

आमच्याकडे बाईंनी सगळ्या वर्गाच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठाच ग्रुपवर टाकला होता. कोणाच्या मुलाला गणितात 'क' मिळाला याची चर्चा सोसायटीच्या लिफ्टमध्ये. मुलगा सात वर्षांचा हो!

चिपळूणची आजी

मला टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

नातू पाच वर्षांचा. लेक-सून दोघं नोकरीवाली, त्यामुळे जेवण भरवायचं काम माझं आणि मोबाइलचं. ओळखीचं कार्टून लावून द्यायचं, घास तोंडात सारायचा. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं, मी कुठे बघतेय. मग पोर एकटं न्हाणीघरात जाईना. रात्री अंथरुणात शू होऊ लागली. सुनेला वाटलं जंत झाले.

एकदा भात कालवताना म्हणाला, "आजी, त्या बाळाचे दात डॉक्टरांनी काढले ना, मग खूप रक्त आलं." मी चष्मा लावून बघितलं. तेच कार्टून, तेच रंग, पण कोणी तरी मुद्दाम बनवलेलं घाणेरडं काही तरी. सुया, रक्त, रडणं. बघून मलाच मळमळलं.

लेकाने मुलांचं वेगळं ॲप घालून दिलं, ते आपोआप पुढचं लागणंही बंद केलं. मी माझ्यापुरतं ठरवलं: बघायचं तर हॉलमधल्या टीव्हीवर, आणि आवाज मला चुलीपाशी ऐकू येईल इतका. जेवण आता मागच्या पडवीत. सारभाताचा वाडगा घेऊन बसते, शेजारची मांजर येते, तिला एक शीत, ह्याला एक घास. वेळ दुप्पट लागतो. लागू दे.

कंपायलर

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. मी आयटीत, म्हणजे घरातलं वायफाय माझ्या मुठीत असा माझा समज. जेवताना त्याने विचारलं, "बाबा, सिक्स पॅक किती दिवसांत येतात?" आम्ही हसलो. मग म्हणाला, "दादा म्हणतो शर्ट काढून फोटो पाठव, मग सांगतो."

हा 'दादा' गेममधला. दोन महिने याला फुकट नाणी आणि कपडे देत होता. मग "इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू." मग "घरी आत्ता कोण आहे?" मग "आपलं सिक्रेट." मी फोन हिसकावला, पोराला एक ठेवून दिली आणि गेम, ते दुसरं ॲप, दोन्ही अकाउंटं, सगळं त्याच मिनिटाला उडवलं.

दुसऱ्या दिवशी सायबर पोलिसांकडे गेलो. तिथल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "यूजर आयडी? स्क्रीनशॉट?" माझ्याकडे काही नव्हतं. पुरावा मीच पुसला होता. मग म्हणाल्या, "पोराने स्वतःहून सांगितलं ना? मग मारलंत कशाला?"

मला जे कळलं ते लिहून ठेवतो. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. पोराने फोटो पाठवला असेल तर तो मात्र कुठेही फॉरवर्ड करायचा नाही, पोलिसांना दाखवायचा. पैसे गेले तर १९३०, मुलांच्या बाबतीत काहीही असेल तर १०९८. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं. आणि पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा कायदा, मोबाइलवरून झालेल्या प्रकारालाही लागतो.

पोरगा आता बोलतो, पण आधी विचारतो, "मारणार नाही ना?" दीड वर्ष झालं.

निशिगंधा

कंपायलर, लिहिलंत ते बरं केलंत. लेक आज गेम खेळत होती, मी पहिल्यांदा शेजारी जाऊन बसले.

रेडिंगकर

इंग्लंडातून. इथे लेक शाळेत गेली तेव्हा फोटोच्या परवानगीचा वेगळा कागद आला. वर्गातल्या भिंतीवर चालेल का, शुक्रवारच्या बातमीपत्रात चालेल का, वेबसाइटवर, स्थानिक पेपरात? प्रत्येकाला वेगळी चौकट. बातमीपत्रात फोटो असला तर नाव नाही, नाव असलं तर फोटो नाही. मला हे फार सोवळ्यासारखं वाटलं होतं. आमच्या गॅदरिंगला वडील मंडळी स्टेजवर चढून शूटिंग करायची!

नाताळच्या नाटुकल्यात लेक मेंढी झाली. मुख्याध्यापिकेने बजावलं होतं, दुसऱ्यांची मुलं दिसणारे फोटो कुठे टाकू नका. मी कुठे टाकले? फक्त घरच्या ग्रुपवर पाठवला. आत्याने स्टेटसला लावला. तिच्या ओळखीची एक बाई आमच्याच भागात राहते, तिने बघितला, आणि बातमी फिरत फिरत शाळेच्या ऑफिसात. कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका देवदूताचा फोटो बाहेर जाता कामा नये होता. का, ते कोणी सांगत नाही, विचारायचंही नसतं. मी भारतातल्या मध्यरात्री आत्याला उठवलं. ती दुखावली. "एवढं काय, इतकं गोड तर दिसतंय पोर."

एनएसपीसीसी या मुलांच्या संस्थेचा चड्डीचा नियम मात्र मला फार आवडला. झाकलेलं ते माझं, 'नको' म्हणता येतं, मनाला त्रास देणारं गुपित मोठ्यांना सांगायचं. चार वर्षांची पोरं हे घडाघडा सांगतात.

निशिगंधा

वेगळ्या चौकटी! आज प्रवेशअर्जाची झेरॉक्स काढून बघितली. 'छायाचित्रे वापरण्यास माझी हरकत नाही' हे आधीच छापलेलं, आणि खाली सही माझीच.

काळा कोट

वैयक्तिक माहितीचा कायदा २०२३ चा आहे, टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्यात १८ खालचा प्रत्येक जण मूल, आणि संमती पालकांची. दिलेली संमती मागेही घेता येते. तोवर साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या. भांडू नका, पोच घ्या.

कडेगावचा

आमच्या भागातलं मोहित्यांचे वडगाव तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा, की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. मी तिथे पाहुणा गेलो होतो. भोंगा झाला, मामींनी ऐन रंगात आलेली मालिका बंद केली. चेहरा बघण्यासारखा. मी गुपचूप ओट्यावर जाऊन मोबाइल काढला. दुसरीतली भाची पाटी घेऊन मागे उभी. "मामा, तुम्हाला भोंगा ऐकू नाही आला?"

चिपळूणची आजी

ते रेडिंगवाल्यांच्या आत्याचं वाचलं. मीपण नातवाचे रोज लावते. स्टेटस कोणाकोणाला दिसावं ते कसं ठरवायचं? लेकाला विचारलं की चिडतो.

कंपायलर

आजी, व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात स्टेटस. तिथे तीन पर्याय येतील, शेवटचा घ्या आणि हवी तेवढीच माणसं निवडा.

चिपळूणची आजी

जमलं. सात जण ठेवले. त्यात सून नाही, तिला सांगू नका.